मोबाइल मुका झाला तरी बोलणारे केंद्र

हॅम रेडिओ क्लबने गच्चीवर पर्जन्यमापक आणि वारामापक बसवून आकडे इंटरनेटवर चढवले, की काम झाले असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते खरे काम पुढे आहे: ते आकडे रेडिओलहरींवर गेले पाहिजेत. अमेरिकी नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी घडवलेली ‘एपीआरएस’ पद्धत त्यासाठी तयारच आहे. छोटा संगणक एका ओळीचा निरोप बनवतो, तो सेकंदाला १२०० बिट वेगाने प्रसारित होतो आणि डोंगरावरचे दुसरे केंद्र तो ऐकून पुढे धाडते. त्या ओळीत अक्षांश-रेखांश असतात, वारा असतो, ‘टी०७७’ असते; म्हणजे ७७ अंश फॅरनहाइट, आपले २५ सेल्सिअस. कानाला ही नुसती क्षणभराची खरखर, पण ठिकाणासकट सगळे हवामान तिच्यात मावते.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? २००४च्या त्सुनामीत अंदमानचे दळणवळण कोलमडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरहून हॅम मंडळींनीच निरोप पोचवले होते. स्वस्त उपकरणे चुकतात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तापलेल्या स्लॅबवरचा तापमापक हवेचे नव्हे, स्लॅबचे तापमान सांगतो. म्हणून तो झडपांच्या हवेशीर पेटीत, सावलीत हवा; वारामापक भिंती-झाडांच्या आडोशापासून दूर, शक्यतो १० मीटर उंचीवर. बॅटरीची सोय नसेल, तर वीज जाताच केंद्रही गप्प होईल. प्रसारणाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. त्याची परीक्षा १२ वर्षांच्या मुलालाही देता येते. क्लबांनी शाळांच्या गच्चीपासूनच सुरुवात करावी.