अस्सल घड्याळाची पारख

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव लागते. तंजावरचे मराठा राजे सरफोजी महाराज दुसरे यांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने, रामेश्वराच्या यात्रेकरूंना अन्न आणि आसरा मिळावा म्हणून, 1802 च्या सुमारास येथे छत्र बांधिले. ज्या मराठी दफ्तराच्या शिस्तीत अशा धर्मकार्यांचे हुकूम मोडी लिपीत लिहिले जात, तिच्यात पत्राची सत्यता शिरोभागीच्या मुद्रेवर जशी, तशीच मजकूर संपताच उमटविलेल्या मोर्तबावरही अवलंबून असे. कारण मोर्तबानंतर वाढविलेले एक अक्षरही उघड परके दिसावे, अशी ती योजना होती.

त्याच पिढीत, पॅरिस शहरी, अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळकर्त्यापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला होता. त्याच्या कीर्तीचा लाभ उठवून, त्याचेच नाव तबकडीवर घालून, हलक्या प्रतीची घड्याळे विकणारे लोक युरोपभर इतके माजले की 1795 च्या सुमारास त्याने तबकडीवर बाराच्या आकड्याजवळ, सुईसारख्या टोकाने, आपली सही इतकी सूक्ष्म कोरण्यास आरंभ केला, की ती सरळ पाहता दिसत नसे, उजेड तिरका धरिला म्हणजेच प्रकट होई. शिवाय प्रत्येक घड्याळ कोणत्या क्रमांकाचे व कोणास विकले, याची नोंद त्याच्या वह्यांत होत असे, आणि त्या पेढीच्या जुन्या वह्या आजही जपलेल्या आहेत. श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या, पाश्चात्त्य ग्रंथ हौसेने जमविणाऱ्या आमच्या सरफोजी महाराजांना ही युक्ती तत्काळ उमगली असती, यात मला संशय नाही.

नकली घड्याळ करणारा मनुष्य गिऱ्हाइकाला जे दिसते तेवढ्यावरच श्रम करितो, आणि अस्सल घड्याळाचा कर्ता गिऱ्हाईक जन्मात पाहणार नाही अशा जागीही तितकाच राबतो. पारख जी करावयाची ती या भेदाचीच. मागचे झाकण उघडून घड्याळजी डोळ्याला भिंग लावतो तेव्हा तो पाहतो ते हेच: मशीनच्या पट्ट्यांच्या कडा हाताने उतरवून घासल्या आहेत काय, स्क्रूंची डोकी आरशासारखी स्वच्छ आहेत की पेचकसाच्या ओरखड्यांनी भरली आहेत, माणकांच्या बैठकी नितळ आहेत काय, आणि पृष्ठभागावरील समांतर रेघा एका पट्टीवरून दुसरीवर न तुटता जुळतात काय. जिनिव्हा सरकारने 1886 मध्ये कायदा करून आपल्या हद्दीत सिद्ध झालेल्या उत्तम यंत्रांवर जो ठसा उमटविण्याची व्यवस्था केली, तिच्यातही या अंतरंगाच्या कारागिरीलाच मुख्य मान होता.

बाह्य लक्षणांवर विसंबणाऱ्यांची मात्र वारंवार फसगत होते. सेकंदाचा काटा सरकत गेला तर अस्सल आणि टकटक उड्या मारीत गेला तर नकली, असे बाजारात सर्रास सांगितले जाते. पण तासाला 28,800 ठोके देणारे स्वस्त स्वयंचलित मशीन आज नकलेतही असते, आणि उलट, नामांकित पेढ्यांनी स्वतःच क्वार्ट्झची अस्सल घड्याळे काढलेली आहेत, ज्यांचा काटा सेकंदागणिक उडीच मारतो. रोलेक्सच्या तारखेवरील भिंग अडीच पट मोठे दाखविते व नकलेत ते बहुधा कमी पडते, ही खूण अधिक कामाची. तरी तीही जाणत्या नकलकाराला ठाऊक झालेली आहे. वजन, अक्षरांची धार, काट्यांच्या कडा ही सारी साक्षीदारांची रांग होय, निवाडा नव्हे. चालीची परीक्षाही तशीच. स्वित्झर्लंडच्या अधिकृत परीक्षणसंस्थेच्या कसोटीस उतरलेल्या यंत्राची दैनिक चूक सरासरीने उणे 4 ते अधिक 6 सेकंदांच्या आत असावी लागते. परंतु वर्षानुवर्षे तेलपाणी न झालेले अस्सल घड्याळही याहून वाईट चालू शकते, म्हणून केवळ चालीवरून कोणाला खोटे ठरवू नये.

कागदपत्रांचेही तेच. दाखला आणि पेटी दोन्ही बनावट निघतात. म्हणून केसवरचा क्रमांक, मशीनवरचा क्रमांक आणि कर्त्याच्या दफ्तरातील नोंद या तिन्हींचा मेळ घालणे हाच राजमार्ग. पाटेक फिलिपसारखी पेढी जुन्या घड्याळाच्या निर्मितीचे वर्ष व विक्रीची तारीख आपल्या नोंदींवरून शुल्क घेऊन लिहून देते. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा आपल्याकडेही 1999 च्या कायद्याने फौजदारी गुन्हा असून त्यास सामान्यतः सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

परंतु मला सर्वांत अधिक विचारात पाडणारा प्रकार आपल्या मुंबईचा आहे. वेस्ट एंड, फाव्र-ल्युबा, एच.एम.टी. अशा पेढ्यांची, आपल्या आजोबा-पणजोबांनी मनगटावर मिरविलेली जुनी घड्याळे घेऊन, त्यांच्या झिजलेल्या तबकड्या नव्या भडक रंगांनी रंगवून, केस घासूनपुसून चकाकवून जी विकली जातात, त्यांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. यांतील मशीन पुष्कळदा खरेच असते. खोटा असतो तो चेहरा. रंगाचा थर जाड, अक्षरे वेडीवाकडी, तासांच्या खुणा किंचित सरकलेल्या, मूळ पेढीने कधी न वापरलेले रंग, आणि अति घासण्याने केसच्या कोपऱ्यांची गेलेली धार, ही त्याची लक्षणे. ज्या कारागिराने मृतप्राय यंत्र पुन्हा चालते केले त्याच्या कौशल्याला मी नकलकाराच्या पंक्तीस बसविणार नाही. पण तबकडी पुन्हा रंगविलेली आहे, एवढे विक्रेत्याने पावतीवर स्पष्ट लिहून द्यावे, आणि ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी मागचे झाकण आपल्यासमोर उघडावयास लावावे.