रंगाला धरायला जागा हवी

जुन्या मोटारीत बसलं की नजर आधी चकाकणाऱ्या गोष्टींवर जाते. काच खाली-वर करायचं हँडल, रेडिओची बटणं, मीटरभोवतीची कडी, स्टीअरिंगवरची हॉर्नची अर्धगोल रिंग. पन्नास-साठ वर्षांत या चकाकीची रया जाते. कुठे फोड येतात, कुठे पोपडे सुटतात, कुठे खालचं काळं प्लास्टिक डोकावतं. मग मालक म्हणतो, स्प्रेचा डबा आणू आणि रंगवून टाकू. इतक्या साध्या बेताच्या पोटात किती नवल दडलंय, ते पाहण्यासारखं आहे.

धातूच्या हँडलवर क्रोमचा जो मुलामा असतो, तो जेमतेम पाव मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीत असे अडीचशेहून जास्त थर मावतील! एवढ्या पातळ थराला स्वतःचं रूप कुठून येणार? तो खालच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करतो. आरशासारखा सपाटपणा असतो तो खालच्या निकेलचा. निकेलचा थर दहा-वीस मायक्रॉनचा, आणि त्याखाली बहुतेकदा तांबं. निकेल उघडं ठेवलं तर हवेने पिवळट आणि मंद होत जातं. क्रोम त्याची राखण करतं. हवा लागताच क्रोमवर काही नॅनोमीटर जाडीचं पारदर्शक ऑक्साइडचं कवच तयार होतं आणि त्यावर ओरखडा पडला तर ते आपोआप पुन्हा भरून येतं.

हेच कवच रंगाऱ्याला आडवं येतं. ते कशाशी सहज संयोग पावत नाही, त्याला छिद्रं नाहीत, आणि ते विलक्षण गुळगुळीत आहे. त्यावर थेट मारलेला रंग सुकतो, चांगलाही दिसतो आणि एक दिवस नखाने सालपटासारखा निघतो. म्हणून आधी तेलकटपणा काढायचा, मग ओल्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासायचं, वर इपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि मगच रंग. घासण्याने पडलेले बारीक चरे हीच प्रायमरची पकड.

गंमत अशी, की प्लास्टिकवर क्रोम चढवताना कारखान्यानेही हीच युक्ती केलेली असते. एबीएस नावाच्या प्लास्टिकमध्ये रबराचे अतिसूक्ष्म गोळे विखुरलेले असतात. क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात ते बुडवलं की आम्ल रबर खातं, प्लास्टिक बरंचसं तसंच राहतं, आणि पृष्ठभागावर असंख्य खळगे पडतात. मग पॅलेडियमचे कण बसवून, विजेशिवाय, नुसत्या रासायनिक क्रियेने निकेलचा किंवा तांब्याचा पहिला थर चढवला जातो. तो खळग्यांत उतरून घट्ट बसतो. आता वीज वाहून नेणारा धातू मिळाला, त्यामुळे पुढचा मुलामा नेहमीसारखा देता येतो. वीज न वाहणाऱ्या वस्तूला विजेने मुलामा देण्याची ही वाट शोधणाऱ्यांची मला कमाल वाटते.

डॅशबोर्डवरचं पुष्कळसं ‘क्रोम’ मात्र क्रोम नसतंच. प्लास्टिकवर लॅकर देऊन, निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून ती वर बसवलेली असते आणि तिच्यावर पुन्हा पारदर्शक लॅकर. वरचं लॅकर झिजलं की तो धातू बोटाच्या स्पर्शानेही पुसला जातो. आणि तरी नवा असताना तो खऱ्या क्रोमपेक्षा जास्त उजळ असतो! ॲल्युमिनियम सुमारे 90 टक्के प्रकाश परतवतं, तर क्रोम फक्त 60-65 टक्के. क्रोमची ती किंचित निळसर, थंड झाक आपल्या डोळ्यांत भरते एवढंच.

गेलेली चकाकी रंगाने परत आणता येते का? साध्या चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे कुटलेले, वेडेवाकडे कण असतात. ते प्रकाश चहूकडे फेकतात, म्हणून रंग करडा दिसतो. आरशासारख्या क्रोम रंगातले कण वेगळ्याच जन्माचे. निर्वात पेटीत फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर बसवतात, तो सोडवून घेतात आणि त्याचे तुकडे करून द्रवात मिसळतात. जाडी अवघी दोन आकडी नॅनोमीटर. म्हणजे त्या बाटलीत खरोखरच लाखो आरसे तरंगत असतात. तकतकीत काळ्या रंगावर पातळ फवारले की ते कौलांसारखे एकमेकांवर आडवे टेकतात आणि चेहरा दिसू लागतो. पण संरक्षणासाठी वर पारदर्शक लॅकर मारलं, तर त्यातला थिनर कणांना हलवतो आणि आरसा करडा पडतो.

आणखी एक गोष्ट रंगवण्याआधी पाहावी. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून सुरक्षा मानक क्रमांक 107 लागू झालं. चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून हॉर्नची रिंग, स्टीअरिंगचा मधला भाग, आतल्या आरशाची चौकट, समोरच्या काचेची आतली पट्टी यांच्या धातूच्या चकाकीवर त्याने मर्यादा घातली. 1996 मध्ये ते रद्द झालं. त्या काळातल्या अमेरिकन मोटारीची रिंग मंद दिसली तर ती झिजली असं समजू नका, ती मुळातच तशी असू शकते.

माझं मत स्पष्ट आहे. मीटरच्या कडीला क्रोम रंग जरूर द्या, तिथे कुणाचा हात लागत नाही. रोज हातात येणारं हँडल मात्र मुलामा देणाऱ्या कारागिराकडेच पाठवा. आणि घरी बॅटरी जोडून, कॉस्टिकच्या पाण्यात जुना क्रोम उतरवायचा प्रयोग कृपा करून करू नका. त्यातून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तयार होतं, आणि त्याने कर्करोग होतो.