प्रयोगपद्धती, मानसशास्त्रातील

मानवाचे व मानवेतर प्राण्यांचे वर्तन आणि त्यामागील मानसिक प्रक्रिया यांतील कार्यकारणसंबंध नियंत्रित परिस्थितीत तपासून पाहण्याची शास्त्रीय पद्धती. एखाद्या घटकात हेतुपुरस्सर बदल घडवून आणणे, त्या बदलाचा वर्तनावर होणारा परिणाम मोजणे आणि तो परिणाम अन्य कोणत्याही घटकामुळे झालेला नाही याची शक्य तितकी खात्री करून घेणे, ही या पद्धतीची तीन प्रमुख अंगे होत. निरीक्षण, सर्वेक्षण, व्यक्तिवृत्त, मानसिक कसोट्या इ. पद्धतीही मानसशास्त्रात उपयुक्त ठरल्या आहेत. परंतु अमुक दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढेच त्यांवरून सहसा सांगता येते. त्यांपैकी एक दुसरीचे कारण आहे काय, या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर प्रयोगातून मिळते.

भौतिकी वा रसायनशास्त्र यांतील प्रयोगांहून मानसशास्त्रीय प्रयोग एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. परीक्षानळीतील द्रव्याला आपल्यावर प्रयोग चालू आहे याची जाणीव नसते. प्रयुक्ताला, म्हणजे ज्या व्यक्तीवर प्रयोग करावयाचा तिला, ती असते. प्रयोगकर्त्याच्याही मनात निष्पत्तीविषयी काही अपेक्षा असतात. निरीक्षक व निरीक्ष्य ही दोन्ही मनेच असल्यामुळे, या अपेक्षांना निष्कर्षापासून दूर कसे ठेवावे, हा या पद्धतीपुढील मूलभूत प्रश्न होय. तिची बहुतेक तंत्रे याच प्रश्नातून विकसित झाली आहेत.

ऐतिहासिक आढावा : मनोव्यापारांना गणित लागू करता येत नाही, म्हणून मानसशास्त्र हे खऱ्या अर्थाने निसर्गविज्ञान होऊ शकणार नाही, असे मत इमॅन्युएल कांट याने १७८६ मध्ये मांडले होते. मापनाची पहिली चाहूल मात्र मानसशास्त्राबाहेर, खगोलशास्त्रात लागली. ग्रिनिच येथील वेधशाळेत राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन याला आपल्या आणि आपल्या साहाय्यकाच्या नोंदींत सु. ०·८ सेकंदाचा फरक आढळला व १७९६ मध्ये त्याने त्या साहाय्यकाला कामावरून दूर केले. पुढे फ्रीड्रिख बेसेल (१७८४–१८४६) या जर्मन ज्योतिर्विदाने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा असा फरक कुशल निरीक्षकांतही नियमितपणे आढळतो, असे दिसून आले. जो निष्काळजीपणा समजला गेला होता, तो मनोव्यापारांचा एक मोजता येण्याजोगा गुणधर्म ठरला.

हेर्मान हेल्महोल्ट्स (१८२१–९४) याने १८५० मध्ये तंत्रिकेतील आवेगाचा वेग मोजला. अर्न्स्ट वेबर (१७९५–१८७८) याने वजनातील फरक जाणवण्यास लागणारी भर मूळ वजनाच्या प्रमाणात ठरते, असे दाखविले होते. त्याच दिशेने पुढे जाऊन गुस्टाफ फेक्नर (१८०१–८७) याने १८६० मध्ये मनोभौतिकीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला व उद्दीपक आणि वेदन यांतील संबंध गणिती सूत्रात मांडला. डच शरीरक्रियावैज्ञानिक फ्रान्सिस्कस डाँडर्स (१८१८–८९) याने साधा प्रतिक्रियाकाल आणि निवड करावी लागते अशा वेळचा प्रतिक्रियाकाल यांच्या वजाबाकीवरून निवडीच्या मानसिक क्रियेस लागणारा वेळ काढण्याची युक्ती १८६८ मध्ये सुचविली. या सर्व प्रयत्नांना व्हिल्हेल्म वुंट (१८३२–१९२०) याने संस्थात्मक रूप दिले. लाइपसिक येथे १८७९ मध्ये त्याने स्थापिलेल्या प्रयोगशाळेपासून स्वतंत्र शास्त्र म्हणून मानसशास्त्राचा आरंभ मानण्याची प्रथा आहे.

उच्चतर मानसिक प्रक्रियाही प्रयोगक्षम आहेत, हे हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) याने दाखविले. निरर्थक अवयवांच्या याद्या तो स्वतः पाठ करी व काही काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करण्यास लागणाऱ्या वेळात किती बचत झाली, ते मोजी. ही बचत २० मिनिटांनंतर सु. ५८%, एका दिवसानंतर सु. ३४% आणि ३१ दिवसांनंतर सु. २१% भरली. विस्मरण आरंभी झपाट्याने व नंतर मंदगतीने होते, हा १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही ग्राह्य मानला जातो.

अंतर्निरीक्षणाची वाट मात्र लवकरच खुंटली. विचार प्रतिमांवाचून घडू शकतो, असे व्हुर्ट्‌सबुर्ख येथील प्रयुक्त सांगत. तर कॉर्नेल येथे एडवर्ड टिचनर याचे प्रयुक्त प्रत्येक विचारात प्रतिमा आढळते असे सांगत. कोणाचे खरे, हे ठरविण्याचे साधन उपलब्ध नव्हते. जे इतरांना तपासता येत नाही ते शास्त्राचा आधार होऊ शकत नाही, ही अडचण जॉन वॉटसन याने १९१३ मध्ये केलेल्या वर्तनवादाच्या प्रतिपादनामागे होती. इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) याच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत लाळेचे थेंब कोणालाही मोजता येत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचार, स्मृती, अवधान इ. विषय प्रयोगशाळेत पुन्हा आले, ते प्रतिक्रियाकाल, चुकांचे प्रमाण यांसारख्या सार्वजनिक रीत्या पडताळता येणाऱ्या मापनांच्या आधारेच.

प्रयोगाच्या पायऱ्या : समस्येची निश्चिती, अभ्युपगमाची मांडणी, प्रयोगाचा आराखडा, प्रत्यक्ष प्रयोग, सामग्रीचे विश्लेषण आणि निष्कर्ष, या प्रयोगाच्या सर्वसाधारण पायऱ्या होत. निरीक्षणापासून प्रयोगापर्यंतचा हा प्रवास एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. जेथे धक्का जाणवला, परंतु हानी झाली नाही, अशा भागांतही याहून भीषण संकट येणार असल्याच्या अफवा पसरल्या होत्या. भ्यालेली माणसे आपली भीती वाढविणाऱ्या गोष्टींवर विश्वास का ठेवतात, हा प्रश्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीअन फेस्टिंगर (१९१९–८९) याला महत्त्वाचा वाटला. भीती तर वाटते, पण भिण्यासारखे भोवताली काही दिसत नाही, या विसंगतीमुळे मनात ताण निर्माण होतो आणि भीतीला समर्थन पुरविणाऱ्या अफवेने तो कमी होतो, असे उत्तर त्याने सुचविले. परस्परविसंगत जाणिवांमुळे निर्माण होणारा ताण मनुष्य कमी करू पाहतो, हा बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत त्याने १९५७ मध्ये मांडला.

परंतु भूकंपानंतरच्या अफवांची इतरही स्पष्टीकरणे संभवतात आणि घडून गेलेल्या घटनेवरून त्यांची निवड करता येत नाही. याकरिता ज्यात दोन स्पष्टीकरणांची भाकिते एकमेकांविरुद्ध जातील, अशी परिस्थिती निर्माण करावी लागते. फेस्टिंगर व जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणे काम दिले. नंतर त्यांतील काहींना, हे काम मनोरंजक आहे, असे पुढील विद्यार्थ्यास सांगण्याची विनंती केली. त्याबद्दल एका गटाला एक डॉलर व दुसऱ्याला वीस डॉलर दिले. तिसऱ्या गटाला असे काहीही सांगावयाचे नव्हते. अखेरीस काम कितपत आवडले, ते उणे ५ ते अधिक ५ या श्रेणीवर सर्वांना विचारले. अधिक मोबदल्याने मत अधिक अनुकूल होईल, ही सामान्य समजूत. याउलट, एका डॉलरसाठी खोटे बोललेल्याला स्वतःच्या कृतीचे पुरेसे कारण सापडत नसल्याने तोच आपले मत बदलील, हा अभ्युपगम. प्रत्येक गटात २० याप्रमाणे ६० प्रयुक्तांची सरासरी एक डॉलरच्या गटात अधिक १·३५, वीस डॉलरच्या गटात उणे ०·०५ व तिसऱ्या गटात उणे ०·४५ अशी आली.

परिवर्त्ये व नियंत्रण : वरील प्रयोगात प्रयोगकर्त्याने बदललेला मोबदला हे स्वतंत्र परिवर्त्य आणि प्रयुक्ताने वर्तविलेली आवड हे आश्रित परिवर्त्य होय. पहिले दोन प्रायोगिक गट व तिसरा नियंत्रित गट होय. नियंत्रित गट नसता, तर एका गटाचे मत सुधारले की दुसऱ्याचे बिघडले, हे कळले नसते. वय, बुद्धिमत्ता, थकवा, दिवसाची वेळ यांसारखी बाह्य परिवर्त्ये दूर ठेवून, सर्व गटांत समान राखून किंवा यदृच्छ विभागणीने नियंत्रित करतात. कोणता प्रयुक्त कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून किंवा यदृच्छ संख्यांच्या आधारे ठरविल्यास, ज्ञात तसेच अज्ञात भेदही सर्व गटांत सारखेच वाटले जाण्याची शक्यता वाढते. तोच प्रयुक्त सर्व परिस्थितींतून जाणार असेल, तर सराव व थकवा यांचा परिणाम समतोल व्हावा, म्हणून परिस्थितींचा क्रम आलटून पालटून ठेवतात.

अपेक्षांचे नियंत्रण याहून अवघड असते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधील हान्स नावाचा घोडा गणिताची उत्तरे खूर आपटून देत असे. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला त्यात लबाडी आढळली नाही. त्यानंतर ऑस्कर फुंग्स्ट याने परिस्थितीत पद्धतशीर बदल करून पाहिले. प्रश्न विचारणाराला उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, की घोडा चुके. योग्य आकडा येताच विचारणाराचे मस्तक नकळत किंचित वर होई व त्या खुणेवर घोडा थांबे. फुंग्स्टचा हा अभ्यास १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉबर्ट रोझेन्थाल व करमिट फोड यांच्या १९६३ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांना त्यांचे उंदीर हुशार व इतरांना त्यांचे उंदीर मंद असल्याचे सांगितले होते. वस्तुतः उंदरांत भेद नव्हता, तरीही ‘हुशार’ उंदरांची व्यूहातील कामगिरी सरस नोंदली गेली. यास्तव प्रयुक्त कोणत्या गटातील आहे, हे तो स्वतः व त्याची प्रतिक्रिया नोंदविणारा या दोघांनाही कळू न देण्याची द्विअंध पद्धती शक्य तेथे वापरतात.

सांख्यिकीय विश्लेषण : दोन गटांच्या सरासरींत थोडाफार फरक केवळ योगायोगानेही पडतो. रॉनल्ड फिशर (१८९०–१९६२) याने प्रयोगरचनेवरील १९३५ च्या ग्रंथात, परिणाम मुळीच नाही असे गृहीत धरून मिळालेला फरक कितपत संभाव्य आहे, हे तपासण्याची रीत विशद केली. ही संभाव्यता ५ टक्क्यांहून कमी असल्यास फरक लक्षणीय मानण्याचा संकेत रूढ झाला. तथापि लक्षणीय फरक म्हणजे मोठा किंवा महत्त्वाचा फरक नव्हे, आणि तो अभ्युपगमाची सिद्धीही नव्हे.

मर्यादा व नीतितत्त्वे : नियंत्रण जितके कडक, तितकी परिस्थिती कृत्रिम होण्याचा धोका असतो. महाविद्यालयीन, विशेषतः पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवरून काढलेले निष्कर्ष सर्व मानवजातीस लागू पडतीलच असे नाही. काही प्रश्नांबाबत प्रयोग शक्य असला तरी करणे योग्य नसते. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅम याने केलेल्या व १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४० पैकी २६ प्रयुक्तांनी आज्ञेवरून समोरच्या व्यक्तीला ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे धक्के दिले. धक्के प्रत्यक्षात खोटे होते; प्रयुक्तांना झालेला मनस्ताप मात्र खरा होता. अशा प्रयोगांवरील चर्चेतून प्रयुक्ताची माहितीपूर्वक संमती, केव्हाही माघार घेण्याचे स्वातंत्र्य, गुप्तता व प्रयोगानंतर वस्तुस्थितीचे निवेदन, ही तत्त्वे दृढ झाली. भारतात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्तनविषयक संशोधनाचाही विचार केला आहे.

भारतातील आरंभ : कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. हार्व्हर्ड येथे शिक्षण घेतलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता (१८८९–१९४४) हे त्याचे पहिले प्रमुख होत. १९२४ मध्ये म्हैसूर विद्यापीठातही मानसशास्त्राचा विभाग स्थापन झाला.

पुनःप्रयोग : कोणताही निष्कर्ष एका प्रयोगाने प्रस्थापित होत नाही, इतरांना तोच अनुभव यावा लागतो. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने तीन नियतकालिकांतील १०० अभ्यासांचे पुनःप्रयोग प्रसिद्ध केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय परिणाम नोंदला होता. पुनःप्रयोगांत तो सु. ३६ टक्क्यांतच मिळाला. अनुकूल निष्पत्तीच प्रसिद्ध करण्याची प्रवृत्ती, प्रयुक्तांची अल्प संख्या आणि सामग्री हाती आल्यावर अभ्युपगम बेतणे, ही याची काही कारणे मानली जातात. म्हणून अभ्युपगम व विश्लेषणाची रीत प्रयोगापूर्वीच नोंदवून ठेवणे आणि सामग्री सर्वांना खुली करणे, या प्रथा आता वाढत आहेत. विसंवादाच्या सिद्धांताचीही अशीच फेरतपासणी झाली. ३९ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनःप्रयोगात स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचे मत काहीसे बदललेले आढळले. परंतु निबंध स्वेच्छेने लिहिला की सक्तीने, यावर ते अवलंबून असल्याचे दिसले नाही. सिद्धांतानुसार हा भेद निर्णायक ठरावयास हवा होता. १९३४ च्या भूकंपानंतरच्या अफवांतून निघालेला प्रश्न अशा रीतीने अद्याप खुला आहे. आपल्याच निष्कर्षांना पुन्हा कसोटीस लावण्याची ही सोय प्रयोगपद्धतीत अंगभूत असून तिची विश्वसनीयता मुख्यत्वे त्यावरच अवलंबून आहे.