स्मोकर घ्यायचा की वाटीतला निखाराच बरा?

रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा रोजे, सरत आले की आमच्याकडच्या बहुतेक घरांतला फ्रीझर रिकामा दिसू लागतो. शाबान महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करून ठेवलेले शामी कबाब, समोसे, शिजवलेला खिमा सगळं उडालेलं असतं. मग एखादा रविवार गाठून पुन्हा तीन-चार किलोचा घाट घातला जातो. याला हौस म्हणता येणार नाही, ती गरज आहे. असरच्या नमाजनंतर मगरीबपर्यंतचा वेळ हा रोजेदार बाईसाठी दिवसातला सर्वांत थकलेला वेळ, आणि नेमका तेव्हाच शेगडीसमोर उभं राहायचं असतं. एका बैठकीत आठवड्याचं काम उरकलं तर तिला रोज तासभर टेकायला मिळतं.

या आगाऊ स्वयंपाकात अलीकडे एक नवं यंत्र शिरलं आहे, घरगुती स्मोकर. स्टाफरूममध्ये मला हमखास विचारलं जातं, "मॅडम, तुमच्याकडच्या खिम्याला तो धुराचा वास कसा येतो? आणि ते मशीन घ्यावं का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच द्यावं लागतं.

धुराची चव ही काही एकट्या इफ्तारच्या दस्तरखानाची मिरास नाही. खानदेशात तुराट्यांवर किंवा कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, अलिबागकडची पोपटी, शेतातला गोवऱ्यांच्या आरावरचा हुरडा, हे सगळे धुराचेच लाडके. उर्दूत या धुरीला धुंगार म्हणतात. शिजून कोरड्या झालेल्या पदार्थाच्या मधोमध स्टीलची छोटी वाटी ठेवायची, तीत लालभडक निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. तीन ते पाच मिनिटं पुरतात. दहा मिनिटं ठेवलं तर चव कडवट होते. दाऊदी बोहरा घरांतले खिम्याचे समोसे ज्यांनी खाल्ले आहेत, त्यांना हा वास वेगळा सांगायला नको.

यंत्राकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. धूर देणं, शिजवणं आणि टिकवणं ही तीन वेगळी कामं आहेत. दुकानदार ती एकाच वाक्यात गुंडाळतो. थंड धुराने मांस शिजत नाही, ते कच्चंच राहतं. आणि घरी तासभर धुरी दिली म्हणून पदार्थ बाहेर टिकत नाही. जुन्या काळी धुरावर मांस-मासळी टिकायची ती भरपूर मीठ आणि अनेक दिवसांच्या वाळवणामुळे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, मग पदार्थ धुरकट असो की साधा.

आता यंत्रं. सर्वांत स्वस्त आणि देखणी असते ती स्मोकिंग गन. मूठभर आकाराचं उपकरण, आत छोटा पंखा, वर लाकडाचा भुगा जाळायची जागा आणि धूर सोडणारी नळी. रायता, पनीर, फार तर एखादा कबाबचा डबा यासाठी ती ठीक आहे. तिचा धूर पदार्थाच्या वरवर बसतो. तीन किलो खिम्यासाठी एकेक डबा धुरवत बसलात तर वाटीतला निखारा बरा म्हणायची पाळी येईल.

दुसरा प्रकार गॅसवर ठेवायचा. स्टीलची झाकणबंद पेटी, तळाशी दोन चमचे लाकडाचा चुरा, त्यावर रस सांडायचा ट्रे आणि वर जाळी. एका वेळी किलो-सव्वा किलो चिकन किंवा पनीर त्यात मावतं. इंडक्शन शेगडी असेल तर विकत घेण्याआधी तळाला लोहचुंबक चिकटतो का ते बघावं. खरं सांगायचं तर जाड जुनी कढई, आत फॉइल, वर जाळी आणि घट्ट झाकण एवढ्यावरही हे काम होतं. चिनी स्वयंपाकात चहापत्ती, तांदूळ आणि साखर एकत्र जाळून असाच धूर देतात. पेटी घेण्यात तोटा नाही, पण तिच्यावाचून अडतही नाही.

तिसरी झाकणाची कोळसा-ग्रिल, गोल हंड्यासारखी. अमेरिकेत १९५२ साली जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन भाग करून ती बनवली, असा तिचा इतिहास. निखारे एका बाजूला, पदार्थ दुसऱ्या बाजूला, आणि खालच्या-वरच्या झरोक्यांनी हवा कमी-जास्त करायची. ५७ सेंटिमीटर व्यासाच्या ग्रिलमध्ये दोन-तीन किलो चिकन तंगड्या एका वेळी होतात. सुमारे ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास लागतात. अंगण किंवा उघडी गच्ची असणाऱ्या मोठ्या कुटुंबाला माझ्या मते हीच सर्वांत उपयोगी. स्मोकर म्हणून चालते आणि एरवी साधे कबाब भाजायलाही.

चौथा विजेचा, छोट्या फ्रिजसारखा कपाटी स्मोकर. तापमान लावून ठेवलं की तो स्वतः सांभाळतो, बाईला समोर उभं राहावं लागत नाही, ही त्याची मोठी बाजू. पण तो उघड्यावरच ठेवायचा असतो, आणि वर्षातले अकरा महिने त्याला झाकून ठेवायला कोपरा लागतो. मशिदीत किंवा मोहल्ल्यात रोज चाळीस-पन्नास जणांची इफ्तारी पाठवणाऱ्या घराला तो परवडेल. पाच-सहा माणसांच्या घराला नाही. अमेरिकेतून भाऊ-भाचा आणणार असेल तर आधी मागची पट्टी वाचायला सांगावं. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ते यंत्र थेट जोडलं तर जळेल.

कोणताही स्मोकर घ्या, त्यासोबत मांसात टोचायचा थर्मामीटर घ्या. चिकनचा गाभा ७४ अंश आणि खिम्याच्या कबाबाचा ७१ अंश झाला की काम झालं. रंगावर विसंबू नये, कारण धुराने कच्चं चिकनही आतून गुलाबी आणि बाहेरून तांबूस, शिजल्यासारखंच दिसतं.

इथवर सोयीची गोष्ट झाली. धास्तीची गोष्ट वेगळीच आहे. शहरात आता घरं फ्लॅटची, आणि फ्लॅटची बाल्कनी काचेने बंद केलेली. बंद बाल्कनी म्हणजे खोलीच. तिथे कोळशाची सिगडी किंवा स्मोकर पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. धूर दिसेनासा झाला तरी निखारे विझेपर्यंत तो निघतच राहतो. ओट्यावरची चिमणी चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाइप बाहेर न काढलेली चिमणी फक्त तेलकटपणा गाळते आणि तीच हवा परत घरात सोडते. या वायूची पहिली खूण म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं. रमजानच्या दुपारी कोणाचं डोकं दुखत नाही? सगळे म्हणतात, चहा मिळाला नाही म्हणून. त्यामुळे रोजेदाराच्या घरात हा धोका लवकर ओळखू येत नाही. धुरी देताना दोन जणांचं डोकं एकदम दुखू लागलं तर आधी सगळ्यांनी उघड्यावर यावं, चर्चा मग. वाटीतल्या एका निखाऱ्यालाही खिडकी उघडी हवी, आणि काम झाल्यावर तो पाण्यात विझवावा.

लाकूड आंबा, पेरू किंवा बाभळीचं, पूर्ण वाळलेलं. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर कडू लागतो. पातळ, निळसर धूर चांगला. प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, फळांच्या खोक्यांच्या फळ्या अजिबात नकोत. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकू देऊ नये, त्यातून होणारा धूर प्रकृतीला वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं, त्या व्याख्येत धुरवून टिकवलेलं मांसही येतं. म्हणून रोजच्या ताटात नको, आठवड्यातून एखाद-दोन दिवस पुरे.

माझी स्वतःची पसंती मांसापेक्षा वाटणाला धुरी देण्याची. किलोभर टोमॅटो, अर्धा किलो कांदे, लसणाच्या दोन-तीन गड्ड्या अर्धवट भाजून धुरवायच्या, वाटायच्या आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायच्या. दोन-तीन वड्या खिम्यात टाका, दालच्यात टाका किंवा मटकीच्या उसळीत. शेजारच्या काकूंनी त्या आमटीत टाकून पाहिल्या आणि आता डबा त्यांचाच आधी येतो.

समोशांचा खिमा करायचा तर पाणी पूर्ण आटवून, परातीत पसरून धुरी द्यावी. तीन किलोला एक वाटी पोहोचत नाही. दोन वाट्या ठेवाव्यात आणि मध्ये एकदा खालीवर करावं. हे काम मी इफ्तारनंतर काढते, म्हणजे मीठ चाखून बघता येतं. शिजवलेला खिमा पसरट ताटांत गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. तिथे तो तीन-चार दिवस राहतो, त्याहून जास्त ठेवायचा तर उणे १८ अंशांचा फ्रीझर. पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या केल्या तर लवकर गोठतात आणि सहरीच्या घाईत लवकर सुटतातही. डबे मात्र घट्ट झाकणाचे घ्या. शेजारी ईदच्या शीरखुर्म्यासाठी आणलेलं दूध असेल तर ते रात्रीतून धुराचा वास पकडतं.