घरच्या संगणकाचा फिरता पत्ता

गुरुग्रामच्या कचेरीतून नोएडातल्या घरचा संगणक उघडायचा, तर अडचण एकच वाटते: ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत राहतो. याचे मूळ टंचाईत आहे. आयपीव्ही४ पद्धतीत सुमारे ४३० कोटीच पत्ते मावतात. त्यांचा मध्यवर्ती जागतिक साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला. डायनॅमिक डीएनएस हा यावरचा जुना उपाय: नाव कायम, त्यामागचा पत्ता आपोआप अद्ययावत. पण अनेक कंपन्या कितीतरी घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर बाहेरची हाक घरापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे खरी अडचण पत्ता बदलण्याची नसून तो सामाईक असण्याची आहे.

पैसे मोजून स्थिर पत्ता घ्यावा, असे कोणी म्हणेल. तो चालतो, पण रिमोट डेस्कटॉपचे उघडे पोर्ट पासवर्ड चाचपडणाऱ्यांनाही सापडते. त्यापेक्षा घरच्या संगणकानेच बाहेर जोडणी करणे बरे. टेलस्केलसारखी सेवा हेच करते. मध्यस्थावर विसंबण्याचा आक्षेप रास्त आहे. मात्र मजकूर उलगडणाऱ्या खासगी किल्ल्या आपल्याच यंत्रांवर राहतात. तेव्हा पोर्ट बंद ठेवा, खात्याला दुहेरी पडताळणी लावा आणि पत्ता खुशाल बदलू द्या.