अपुऱ्या दिवसांचे बाळ

गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पूर्ण मुदत ४० आठवड्यांची, म्हणजे २८० दिवसांची. घरोघरी जे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात ते जवळपास हेच. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात अशी १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली, त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतात.

‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत अजून बऱ्याच घरांत ऐकू येते. ती साफ चुकीची आहे. आठव्या महिन्यातल्या बाळाची बाजू सातव्यातल्यापेक्षा केव्हाही भक्कम असते, कारण शरीराचा प्रत्येक अवयव आपापल्या आठवड्याला तयार होतो.

मुदतीपूर्वी कळा का येतात, याचे बोट ठेवून एकच उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. जुळे, आईचा वाढलेला रक्तदाब, मूत्रमार्गाचा किंवा योनिमार्गाचा संसर्ग, रक्तक्षय, फार कमी वय, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे ही ओळखीची कारणे. अंगमेहनतीचाही यात वाटा असतो. मुळशी तालुक्यातल्या कासारसाईला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात अशा कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या पडतात. तोडणीला आलेल्या गरोदर बाईला पहाटेपासून वाकून तोडायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची असते. तिची नोंदणी गावाकडे आणि दिवस भरतात ते फडात. पाळीची तारीख कुठे लिहिलेली नसेल, तर बाळ किती आठवड्यांचे हेही नेमके सांगता येत नाही. सुरुवातीच्या महिन्यांतली एक सोनोग्राफी हा प्रश्न सोडवते.

सगळ्यांत आधी अडते ते श्वासाचे. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून एक स्निग्ध लेप असतो, सरफॅक्टंट. तो पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. लेप नसेल तर प्रत्येक श्वासाला फुगे नव्याने उघडावे लागतात. बाळ कण्हते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आणि काही तासांत ते थकते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर होते, तरी तो ३९ तासांत याच विकाराने गेला. तेव्हा महासत्तेच्या अध्यक्षाकडेही इलाज नव्हता. आज तसे बाळ जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षातही सहसा वाचते. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवून दिले की प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात. २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात. औषध अगदी स्वस्त आहे. अवघड आहे ते बाईने वेळेत दवाखाना गाठणे.

दुसरी अडचण उबेची. कातडी कागदासारखी पातळ, खाली चरबी नाही; बाळ बघता बघता गार पडते आणि गार पडलेले बाळ दूधही ओढत नाही. १९७०च्या दशकाअखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे आयांच्या छातीवर बांधली. हीच ‘कांगारू’ पद्धत. डोक्याला टोपी, पायांत मोजे, कमरेला लंगोट. बाकी बाळ उघडे. ते आईच्या दोन स्तनांमध्ये उभे, मान एका बाजूला वळवलेली, पाय बेडकासारखे दुमडलेले, आणि वरून मऊ लुगड्याचा घट्ट वेढा. आई दमली तर बाप, आजी किंवा आत्या कोणीही छाती देऊ शकते. रोज जितके जास्त तास, तितके बरे.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. तोवर दूध नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. अशा बाळाचे आतडे नाजूक असते; वरच्या दुधाने ते सडण्याचा धोका वाढतो, म्हणून आईचेच दूध हवे. ते नसेल तर दुसऱ्या आईचे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती याचसाठी.

हाडांतले बहुतेक कॅल्शियम आणि यकृतातले लोह शेवटच्या तीन महिन्यांत साठते. तो साठा हुकल्याने हाडे ठिसूळ राहतात, रक्त लवकर कमी पडते, पुढे दातांवरचे कवच कच्चे निघू शकते. म्हणून ड जीवनसत्त्व आणि लोहाचे थेंब महिनोन्महिने द्यावे लागतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्या कोवळ्या असतात. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत तिथे रक्तस्राव झाला तर पुढे पाय ताठ राहणे, उशिरा चालणे असे परिणाम दिसू शकतात.

घरी आल्यावर खरी गफलत वयात होते. आठ आठवडे आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तरी त्याची वाढ चार महिन्यांच्या बाळासारखीच पाहायची. दोन वर्षांपर्यंत मान धरणे, बसणे, वजन, उंची हे सारे या ‘दुरुस्त’ वयाने मोजतात. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. पण धुरी नको, कारण त्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. इतकी वर्षे मुलांचा माग ठेवणे आपल्याकडे विरळाच. उंचीत आणि डोक्याच्या घेरात मागे राहिली ती मुख्यतः दुहेरी मार बसलेली मुले: दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी. नुसते लवकर येण्यापेक्षा पोटातच उपाशी राहणे अधिक महागात पडते.

टाळता किती येईल? सहा देशांत, भारतात नागपूर आणि बेळगावला, झालेल्या एका चाचणीत पहिलटकरणींना सुरुवातीपासून अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा रोज दिली, तेव्हा मुदतपूर्व जन्मांचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर आले. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. फरक लहान, पण गोळी काही पैशांची. ती मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची.

डोळ्यांचे राहिले. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या नवव्या महिन्यापर्यंत वाढत असतात. आधी जन्मलेल्या बाळात त्या भलत्याच दिशेने वाढून पडदा सुटू शकतो, आणि वरून डोळा अगदी चांगला दिसतो. वेळेत लेसर केले तर दृष्टी वाचते. उशीर झाला तर कायमचे अंधत्व. ऊसतोडीचा हंगाम संपला की कोपी उठते, बाळ दुसऱ्या जिल्ह्यात जाते. तेव्हा दवाखान्याची फाईल बाळाच्या कपड्यांसोबत बांधावी. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाने तपासलेच पाहिजेत. बाळ फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.