झडपेआडची हवा

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, आणि म्हणूनच जुन्या वेगवान मोटारीची शक्ती वाढवण्याचा विचार बहुधा हवेच्या वाटेपासून सुरू होतो. १९८० च्या दशकातील पोर्शे ९११ कॅरेराचे ३.२ लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर, प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदाच भरत असल्यामुळे, हिशेबाने मिनिटाला सुमारे ९,५०० लिटर हवा ओढते. ही हवा स्प्रिंगवर तोललेली झडप ढकलत आत शिरते, आणि झडप किती उघडली यावरून नियंत्रक संगणक इंधनाचे प्रमाण ठरवतो. मोजणारी ही झडपच वाटेतला अडसर होते, शिवाय तिला हवेचे वस्तुमान थेट कळत नाही.

तिच्या जागी तप्त तारेचा मापक, म्हणजे वाहत्या हवेने थंड होणारी तार ठरावीक तापमानाला राखण्यास किती वीज लागते यावरून हवेचे वस्तुमान सांगणारे उपकरण, बसवले तर अडथळा घटतो. मात्र संगणकातील इंधनाचे कोष्टक नव्याने जुळवले नाही, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून अवेळी स्फोटक ज्वलन होऊ शकते आणि पिस्टनला इजा पोहोचू शकते. केवळ उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावून मिळणारा मोठा आवाज ही शक्तिवाढ नव्हे, कारण त्यातून ओढली जाणारी इंजिनालगतची हवा २० ऐवजी ५० अंश सेल्सिअसची असेल, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते.